शिट्टीसरांची फट

शाळेच्या दप्तरात त्यांचं नाव काहीही असो, मुलांच्या तोंडी ते शिट्टीसर होते. मुलांकडून ते नाव पालकांकडे गेलं, पालकांकडून किराणा दुकानात गेलं, आणि शेवटी घरमालकसुद्धा त्यांना त्याच नावाने हाक मारायला लागले. व्यायामशिक्षक म्हटला की गळ्यात दोरी आणि दोरीला शिट्टी हे ठरलेलं. सरांच्या गळ्यात मात्र काहीच नसे. त्यांच्या वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट होती. जीभ त्या फटीमागे टेकवून, खालचा ओठ जरासा आत ओढून ते हवा सोडायचे, आणि अशी काही लांबलचक, धारदार शिट्टी निघायची की मैदानाच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीमागे दडून बसलेली पोरंही मुकाट्याने बाहेर यायची. नवीन मुख्याध्यापक आले तेव्हा पहिल्याच दिवशी ती ऐकून ते खुर्चीतून उठले होते. त्यांना वाटलं, कुठेतरी आग लागली.

शिट्टी ही सरांची हौस नव्हती, गरज होती. अंगापिंडाने माणूस दांडगा, खांदे कपाटासारखे, दारातून जाताना मान वाकवावी लागे. पण आवाज देताना देवाने हात आखडता घेतलेला. बारीक, चिरका आवाज, तोही चढवला की मध्येच फाटायचा. फोनवर अनोळखी माणूस त्यांना हमखास ‘हो मॅडम’ म्हणायचा. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी भर मैदानात ‘सावधान’ म्हणून आरोळी ठोकली, आणि अख्खी रांग पोट धरून हसली. कान तापले, पुढचा शब्द सुचेना, आणि त्या रागात दातांतून नुसती हवा सुटली. रांग चिडीचूप झाली. त्यानंतर सरांनी मैदानावर आवाज म्हणून चढवला नाही. एक लांब शिट्टी म्हणजे थांबा, दोन आखूड म्हणजे पळा, आणि शिट्टी मारून बोट रोखलं म्हणजे तू, इकडे ये.

पन्नाशी उलटली आणि शिट्टीचा सूर उतरला. सरांना आधी सर्दीची शंका आली. मग वाटलं, वय. त्यांच्या बायकोला मात्र सुराबिराशी कर्तव्य नव्हतं. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर उभी राहून ती कुणाचं नाक डावीकडे झुकलंय, कुणाचा कान वर आहे ते बघत असे. एका सकाळी दाढी करणाऱ्या नवऱ्याकडे आरशातून बघत ती म्हणाली की तुमची फट वाढलीय. वय वाढलं की सगळंच वाढतं, असं म्हणून सरांनी उडवून लावलं. तिने बेसिनकडे बोट दाखवलं. चूळ भरल्यावर त्यात लाल रेघ राहिली होती, आणि ती काही आजची पहिली नव्हती.

हिरड्यांचे डॉक्टर तोंडाने फटकळ होते. त्यांनी फोटो काढले, हिरडीत बारीक सळई घालून कुठे किती खोल जाते ते पाहिलं, आणि सांगून टाकलं की दातांभोवतीचं हाड झिजलंय, म्हणून पुढचे दात पंख्यासारखे पसरायला लागलेत. हिरड्या ते बऱ्या करतील, त्याला काही महिने लागतील. पण दात मागे आणून जवळ घेतले नाहीत तर एक दिवस ते हातात येतील. सरांनी ऐकून घेतलं. हिरड्यांची साफसफाई तर जीव मुठीत धरून पार पाडली. मग त्यांची रवानगी तारा लावणाऱ्या डॉक्टरांकडे झाली.

त्या दवाखान्यात सगळी शाळकरी पोरं आणि त्यांच्या आया. सर जाऊन बसले तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, नात आत आहे का? सरांनी आपलं हो म्हटलं. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि हसल्या.

“सर, ओळखलं का?”

सरांनी बराच प्रयत्न केला. चेहरा कुठे बसेना.

“कसं ओळखाल? मी कायम बाकावर असायचे. पोट दुखतंय म्हणून.”

म्हणजे विद्यार्थिनी. आता हिला तू म्हणावं की तुम्ही, या पेचात सर पडले, आणि पुढची दोन वर्षं ते या पेचातून बाहेर आले नाहीत. ‘तू’ने सुरू केलेलं वाक्य ते ‘तुम्ही’ने संपवायचे. डॉक्टरीणबाईंचं काही अडत नव्हतं. त्यांनी तळहातावर दोन बारक्या वस्तू ठेवल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. एक स्टीलची, चकाकणारी. दुसरी सिरॅमिकची, दाताच्याच रंगाची. यांना ब्रॅकेट म्हणतात, त्यांनी समजावलं. प्रत्येक दातावर एक चिकटवायचं. प्रत्येकाच्या मधोमध खाच, आणि सगळ्या खाचांतून एक तार ओवायची. तार म्हणजे रूळ. दाताने आपलं ब्रॅकेट घेऊन त्या रुळावरून हळूहळू सरकत यायचं.

सरांनी एकच प्रश्न विचारला. दिसेल का?

स्टीलचं दिसेल, सिरॅमिकचं फारसं नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण त्यांनी लगेच पुढचंही सांगितलं. पांढऱ्या ब्रॅकेटची खाच भिंगाखाली बघितली तर खरखरीत असते, तार तिच्यात अडते. धडधाकट दात असते तर जरा जास्त जोर लावून ओढता आलं असतं. सरांच्या दातांना हाडाचा आधार कमी, त्यांना हळूच ओढायचं होतं. हळू ओढलेला जोर सगळा घासण्यातच खर्च झाला तर दातापर्यंत पोचणार काय? म्हणून त्यांचं मत स्टीलचं होतं. ब्रॅकेटही स्टीलचं, तारही शेवटी स्टीलची.

सरांच्या डोळ्यांपुढे आठवीचा वर्ग उभा राहिला. ते म्हणाले, पांढरं. वेळ लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. मला कुठे घाई आहे, असं सर म्हणाले, आणि खुर्चीत मागे रेलले.

बसमधून घरी परत येताना, खिडकीशी बसल्या बसल्या, त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दात जवळ येणार, म्हणजे फट बुजणार. फट बुजणार, म्हणजे शिट्टी जाणार. एवढी साधी गोष्ट आपल्याला तिथे सुचू नये याचं त्यांना नवल वाटलं. उतरायचा थांबा मागे पडला तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

पहिल्यांदा लवचिक, केसासारखी बारीक तार बसली. आठवडाभर तोंड ठणकत होतं, ओठ आतून सोलला, आणि शिट्टी मारायला गेलं की थुंकी उडायची. मग जिभेने नवी वाट शोधली आणि शिट्टी परत आली, जराशी घोगरी पण ओळखू येईल अशी. आठवीच्या पोरांनी तारा पहिल्याच तासाला पाहिल्या, थोडी कुजबुज केली, आणि क्रिकेटच्या नादात विसरून गेली. ज्यांच्या भीतीने पांढरं घेतलं त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही, हे पाहून सर थोडे हिरमुसलेच.

वाकडे दात ओळीत आले आणि खऱ्या कामाची वेळ आली. डॉक्टरीणबाईंनी जाड तार घातली. सरांच्या अशक्त दातांना सोसेल म्हणून टायटॅनियमची, स्टीलपेक्षा मऊ. तिच्यावरून रबराची बारीक साखळी ताणली, म्हणजे दोन्ही दात एकमेकांकडे ओढले जातील. पुढच्या खेपेला त्यांनी फटीला मोजपट्टी लावली. होती तेवढीच. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा लावली. तेवढीच. डॉक्टरीणबाईंनी जीभ टाळूला लावून चुकचुक केली. सरांनीही चेहरा पाडून ‘अरेरे’ म्हटलं. दवाखान्याच्या जिन्यावरून उतरताना मात्र त्यांची पावलं हलकी पडली, आणि खाली आल्यावर, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, त्यांनी एक छोटीशी शिट्टी वाजवून घेतली.

मग स्टीलची तार आली. दात जरासे हलले आणि पुन्हा अडून बसले. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ती तार बाहेर काढली, दिव्याखाली धरली आणि भिंग सरांच्या हातात दिलं. गुळगुळीत तारेवर जागोजाग चरे पडले होते. सिरॅमिक हे स्टीलपेक्षा कठीण, त्या म्हणाल्या. खाचेच्या कडेने तार खरवडली आणि आता तार त्याच चऱ्यांमध्ये अडकून बसते. टायटॅनियमची तार तर त्याहून जास्त चिकटत असणार. चूक आपलीही आहे, असं त्या सरळ म्हणाल्या. पहिल्या दिवशी आपण हट्ट धरायला हवा होता. सरांनी मान डोलावली, भिंगातून पुन्हा एकदा नीट पाहिलं, आणि त्या चऱ्यांचे मनातल्या मनात आभार मानले.

पण डॉक्टरीणबाई हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी दुसरी ब्रॅकेट मागवली. बाहेरून तशीच पांढरी, पण खाचेला आतून स्टीलचं अस्तर. कुणाला दिसणार नाही आणि तारही सरकेल, दोन्ही साधलं. पुढची ब्रॅकेट तेवढी बदलायची, अर्ध्या तासाचं काम. सरांपाशी आता नाही म्हणायला काही उरलं नाही. त्यांनी पुढच्या आठवड्याची वेळ घेतली. त्या आठवड्यात शाळेचे सामने निघाले. त्यानंतर सरांचा गुडघा धरला. मग पाहुणे आले, जे खरं तर कुणाकडे आलेच नव्हते. वेळ ठरत गेली आणि टळत गेली.

एक दिवस सर संध्याकाळी घरी आले, पायरीवर बसून बुटांची नाडी सोडायला लागले. बायको आतून येऊन दारात उभी राहिली.

“अहो, डॉक्टरीणबाईंचा दुकानात फोन आला होता. तुमचा गुडघा कसा आहे विचारत होत्या.”

सरांनी नाडीची गाठ आणखी घट्ट केली.

“दिसायची लाज वाटते म्हणून पांढरं घेतलंत, ते मला समजलं,” ती म्हणाली. “आता पांढरंच देतायत, तरी तुम्ही जात नाही. खरं काय ते सांगा.”

सर नाडीशी झटापट करत राहिले. मग बुटाकडे बघत म्हणाले, “फट बुजली की शिट्टी गेली.”

ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही. दारातून पुढे येऊन वरच्या पायरीवर बसली.

“मैदानावर काय करू मी?” सर म्हणाले. “या आवाजात ओरडू?”

“या आवाजाला काय झालंय? मी तुम्हाला हो म्हटलं तेव्हा हाच आवाज होता. शिट्टी तर मी लग्नानंतर ऐकली.” मग तिने विचारलं, “आणि दातच पडले तर शिट्टी कशातून वाजवणार आहात?”

सर पुन्हा नाडीकडे वळले. तिने खाली वाकून, चष्म्याचा स्क्रू काढावा तशी, नखाने ती गाठ सोडवली. उद्या मी अर्धी रजा टाकते, एवढं म्हणून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सर खुर्चीत आडवे झाले. गाल बाजूला धरून ठेवणारी प्लास्टिकची कडी तोंडात बसली, म्हणजे आता बोलणं बंद. बायको कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. तिने शिट्टीचा सगळा प्रकार डॉक्टरीणबाईंना सांगून टाकला. सरांनी हातवारे करून बघितले, उपयोग झाला नाही. डॉक्टरीणबाईंनी ऐकत ऐकत जुनं ब्रॅकेट चिमट्याने दाबून काढलं, मग दुसरं. त्या काही बोलतील असं वाटलं नव्हतं. पण मग चिमटा खाली ठेवून त्या म्हणाल्या,

“सर, खरं सांगू? मला तुमच्या त्या शिट्टीची फार भीती वाटायची. वाजली की कळायचं नाही, कुणासाठी वाजली. मला वाटायचं, माझ्यासाठीच. माझं पोट खरंच दुखायचं.”

सरांचे डोळे छताकडे लागले होते. तोंड उघडं, त्यात कडी, आणि आत एक शब्द. तो काही बाहेर आला नाही. डॉक्टरीणबाईंनाही बहुधा तो ऐकायचा नव्हता. सर गप्प बसतील अशी वेळ साधूनच त्या बोलल्या असाव्यात. त्यांनी दात कोरडे केले, नवीन ब्रॅकेट चिकटवली, निळा दिवा धरला आणि स्टीलची तार ओवली. ती खाचांमधून सुळकन गेली, ते सरांना दातांतसुद्धा जाणवलं. घरी जाताना बायको दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगत होती. सर हूं हूं करत होते. आजवर त्यांची समजूत होती की मुलांना शिट्टी आवडते.

या खेपेला दात अडले नाहीत. रबराची साखळी तीच, जोर तोच, पण दर भेटीला मोजपट्टी कमी दाखवू लागली. डॉक्टरीणबाई खूश होत्या. शिट्टी मात्र बारीक होत गेली. आधी तिची धार गेली, मग ती किटलीच्या वाफेसारखी झाली, आणि मग सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तशी. क्रीडासाहित्याच्या खोलीत पेटीभर पत्र्याच्या शिट्ट्या होत्या. सरांनी त्यातली एक पुढच्या दातांत धरून जोरात फुंकली, आणि एक ब्रॅकेट निखळून जिभेवर आलं. ते कागदाच्या पुडीत बांधून ते दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पुन्हा असं केलंत तर बाकावर बसवीन, आणि शिट्ट्यांची ती पेटी पुन्हा बंद झाली.

ज्या दिवशी शिट्टी पुरती गेली त्या दिवशी मैदानावर गोळाफेकीचा सराव चालू होता. दहावीतला एक आडदांड मुलगा गोळा मानेशी धरून, पाठ फिरवून उभा होता. तेवढ्यात पाचवीतल्या पोरांचा चेंडू आखलेल्या जागेत घरंगळत आला आणि त्याच्या मागे दोघंतिघं धावत सुटली. सरांनी जीभ दातांमागे टेकवली आणि हवा सोडली. नुसता फुस्स आवाज झाला. मुलाने गिरकी घ्यायला पाय उचलला होता.

“थांब!”

आवाज फाटला, वर चढला आणि भिंतीवर आपटून परत आला. मैदानभर जो तो जागच्या जागी थांबला. लांबउडीवाले थांबले, दोरीवरच्या उड्या थांबल्या, पाचवीतली पोरं एक पाय उचलून थांबली. गोळा मुलाच्या मानेशीच राहिला. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि ते हसू रांगेरांगेने पसरत गेलं. सरांचे कान तापले. पण त्यांचे पाय आधीच निघाले होते. त्यांनी त्या पोरांना दंडाला धरून रेषेबाहेर काढलं, दहावीतल्या मुलाच्या हातातला गोळा काढून घेतला आणि जमिनीवर ठेवला. मुलाचा चेहरा पांढरा पडला होता.

“सर, मला दिसलीच नाहीत,” तो म्हणाला.

त्याला नावाने हाक मारून धीर द्यावा असं सरांच्या मनात आलं, आणि नाव आठवेना. पाचवीपासून हा मुलगा त्यांच्या मैदानावर होता. त्यांनी पाचवीतल्या पोरांकडे पाहिलं. त्यांचीही नावं माहीत नव्हती. आजूबाजूला पाहिलं, तर असे चेहरेच चेहरे. कुणाचा टप्पा कमी पडतो, कुणाचा घोटा कच्चा आहे, हे सरांना तोंडपाठ होतं. नाव कधी लागलंच नव्हतं. शिट्टी मारायची आणि बोट रोखायचं. ‘कळायचं नाही, कुणासाठी वाजली’ हे दवाखान्यात खुर्चीत पडून ऐकलेलं वाक्य त्यांना तिथे, उन्हात उभ्या उभ्या, नीट कळलं.

“तुझं नाव काय?” त्यांनी विचारलं. मुलाला वाटलं, आता तक्रार जाणार. तो चाचरत चाचरत नाव सांगून मोकळा झाला. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि नाव घेऊन सांगितलं की तुझी काही चूक नाही, जा, पाणी पिऊन ये.

पुढे काही महिने मैदानावर जरा गोंधळच होता. सर एकाला हाक मारायचे आणि दुसराच यायचा. सारख्या नावाच्या तीन मुली एकदम धावत आल्या आणि एकमेकींवर आदळल्या. घसा बसला, मग उघडला, मग पुन्हा बसला. मागच्या रांगेतली पोरं त्यांच्या आवाजाची नक्कल करायची. सरांना ती ऐकू यायची, आणि एकदा तर नक्कल इतकी हुबेहूब होती की त्यांनाच हसू आलं. बायकोने गरम पाण्याच्या गुळण्यांचा नेम लावून दिला. पहिल्यांदाच असं झालं की जेवताना सर मैदानावरच्या मुलांबद्दल नावानिशी बोलायला लागले, आणि बायको त्यांना मध्येच अडवून विचारायची, हा कुठला, तो डाव्या हाताने फेकणारा का दुसरा?

दात एकमेकांना टेकले. ब्रॅकेट निघाली, आणि दात पुन्हा सरकू नयेत म्हणून मागच्या बाजूने एक बारीक तार कायमची चिकटवली गेली. हिरड्यांच्या डॉक्टरांनी दात हलवून पाहिले आणि ‘ठीक आहे’ म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे खूपच झालं. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढायला हसायला सांगितलं, तेव्हा सरांनी त्यांना म्हटलं, “तुझ्या पोटदुखीचं मला कळलं नाही. तुम्ही तेव्हा सांगायला हवं होतं.” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तेव्हा तुमच्याशी बोलायचं धाडस कुणाला होतं सर?” दोघंही हसले. फोटो चांगला आला.

शिट्टीसर हे नाव काही गेलं नाही. नवीन मुलं विचारतात की या सरांना शिट्टी का म्हणतात, आणि मोठी मुलं काहीबाही सांगतात. यंदा वर्ग सुरू झाले तेव्हा सर पाचवीच्या रांगेसमोरून एकेकाचं नाव घेत चालले होते. शेवटून दुसऱ्या मुलापाशी ते थांबले आणि मोठ्या आत्मविश्वासाने त्यांनी नाव घेतलं. मुलाने शेजाऱ्याकडे पाहिलं.

“काय रे?”

“सर, तो माझा दादा. तो सातवीत आहे. मी धाकटा.”

रांगेत खसखस पिकली. सर खाली वाकले, कारण मुलगा त्यांच्या छातीइतकाही नव्हता, आणि म्हणाले, “असं होय. मग धाकट्याचं नाव काय?”

मुलाने सांगितलं. सरांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, आपल्या त्याच बारीक आवाजात. मुलाने मान हलवून बरोबर असल्याचं सांगितलं, आणि सर पुढच्या मुलाकडे वळले.